कामावरचा अपघात: हॉस्पिटलातले दिवस हिशेबातून निसटू देऊ नका

घरातला कमावता माणूस खाटेवर पडला की औषधपाण्याची धावपळ सगळेच करतात. पण त्याच्या हक्काच्या भरपाईचा हिशेब त्याच दिवसांत बिघडतो. भिलईसारख्या कारखान्यांच्या गावात प्रत्येक गृहिणीला माहीत असावी अशी ही माहिती.

कामावर अपघात झाल्याचा निरोप घरी येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'जीव वाचेल ना?' चार-पाच दिवसांनी धोका टळतो, नातेवाईक आपापल्या घरी परततात आणि मग दुसरा प्रश्न पुढे उभा राहतो, 'आता पगाराचे काय?' हात प्लास्टरमध्ये आहे, अंगावर भाजल्याच्या पट्ट्या आहेत, डॉक्टर म्हणतात दीड महिना तरी लागेल. घरभाडे, किराणा, मुलांची फी मात्र दीड महिना थांबत नाही.

अशा वेळी कायदा कामगाराच्या बाजूने उभा असतो. पण घरच्यांना त्याची ओळख नसते. त्यातच 'हॉस्पिटलचा खर्च आम्ही केला, आता भरपाई कसली?' असे कोणी सुनावले की बिचारे कुटुंब गप्प बसते. इस्पितळात राहिल्यामुळे अपंगत्वाची रक्कम कमी होते का? बंद होते का? की उलट त्या दिवसांचीही मिळते? या प्रश्नांची सरळ उत्तरे पाहू.

पोलादाचे गाव, जोखमीचे काम

भिलईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबेही आली आणि इथलीच झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले, तोवर सेक्टरच्या क्वार्टरांमध्ये मराठी घरांची दुसरी-तिसरी पिढी नांदत होती.

पोलादाचे काम म्हणजे आग, वायू, उंची आणि अवजड यंत्रे यांच्याशी रोजची गाठ. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात कार्बन मोनॉक्साइड वायूची गळती होऊन सहा जण दगावले आणि अनेकांना दवाखान्यात हलवावे लागले. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. वायूने हुद्दा पाहिला नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीला आग लागली. त्यात दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि भाजलेल्यांना सेक्टर नऊच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात दाखल करण्यात आले. भाजलेल्या माणसाचे उपचार आठ-पंधरा दिवसांत संपत नाहीत, हे ज्यांनी ते सोसले त्यांना ठाऊक आहे.

अशा मोठ्या दुर्घटना वर्तमानपत्रात येतात. पण कंत्राटदाराकडे काम करणाऱ्याचे बोट प्रेसमध्ये सापडते, वेल्डरच्या डोळ्यात ठिणगी जाते, कोणी मचाणावरून पडतो, याची बातमी होत नाही. आणि नुकसानभरपाई बुडते ती बहुतेक अशाच वेळी.

आधी हे पाहा: विमा आहे की नाही?

कामावरच्या अपघाताची भरपाई दोन वाटांनी मिळते. पहिली वाट कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ज्याला सगळे 'ईएसआय' म्हणतात त्याची. हा कायदा १९४८ चा. योजनेचा आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे झाला. दुसरी वाट १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले. पण दोन वाटांची मूळ रचना तशीच राहिली.

दोन्ही वाटांनी एकाच अपघाताची भरपाई घेता येत नाही. ईएसआय लागू असेल तर भरपाई विमा महामंडळ देते. नसेल तर मालकाने द्यायची. म्हणून पहिले काम म्हणजे पगाराची चिठ्ठी काढून पाहणे. ईएसआयची कपात दिसते का? जुलै २०१९ पासून कामगाराचा हप्ता पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के ठरला. पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये, अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,००० रुपये करण्यात आली. त्याहून जास्त पगार असणारा माणूस दुसऱ्या वाटेने जातो.

ईएसआय असेल तर: खाटेवरचा प्रत्येक दिवस मोजला जातो

कामावरच्या दुखापतीमुळे माणूस काही काळ काम करू शकत नसेल तर त्याला 'तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ' मिळतो. तो सरासरी रोजीच्या ९० टक्के असतो. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस तरी काम बंद राहिले पाहिजे, एवढीच अट. किती हप्ते भरले, नोकरीला किती महिने झाले, हे येथे पाहिले जात नाही. कामाच्या दुसऱ्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क तेवढाच.

आता मुख्य मुद्दा. हा माणूस ईएसआयच्या दवाखान्यात फुकट उपचार घेत आहे, फुकट जेवत आहे, म्हणून त्याच्या ९० टक्क्यांतून काही कापले जात नाही. उपचार हा एक हक्क, रोख रक्कम हा दुसरा.

उदाहरण घेऊ. समजा, एखाद्याची सरासरी रोजी ५०० रुपये आहे. यंत्रात हात सापडून त्याचा अंगठा गेला. तो ४० दिवस इस्पितळात आणि पुढे ५० दिवस घरी उपचाराखाली राहिला. त्याला रोजचे ४५० रुपये याप्रमाणे पूर्ण ९० दिवसांचे ४०,५०० रुपये मिळायला हवेत.

उपचार संपले की वैद्यकीय मंडळ तपासणी करून कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते. कायद्याच्या परिशिष्टात काही दुखापतींची टक्केवारी आधीच दिलेली आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, एक डोळा जाऊन दुसरा चांगला असल्यास ४० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. आपल्या उदाहरणातल्या कामगाराला ४५० रुपयांच्या ३० टक्के, म्हणजे रोजचे १३५ रुपये, महिन्याला सुमारे ४,०५० रुपये मिळतील, आणि तेही आयुष्यभर. पुढे तो पुन्हा कामाला लागला, पूर्ण पगार घेऊ लागला, तरी ही रक्कम चालूच राहते.

आजारपण आणि अपंगत्व एकत्र आले तर

इथे अनेकांचा गोंधळ होतो. ईएसआयमध्ये साध्या आजारपणाचाही लाभ असतो. तो रोजीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी आधी ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात. अपघाताने हॉस्पिटलात पडलेल्या माणसाला तिथेच कावीळ झाली, तर त्याच दिवसांसाठी दोन्ही रकमा मिळणार नाहीत. एकच घ्यावी लागेल. मात्र कोणती घ्यायची ते निवडण्याचा अधिकार कामगाराचा. ७० टक्क्यांपेक्षा ९० टक्के केव्हाही बरे.

पण ज्याला कायमच्या अपंगत्वाची मासिक रक्कम सुरू आहे, तो दोन वर्षांनी टायफॉइड होऊन दवाखान्यात दाखल झाला, तर गोष्ट निराळी. एकत्र न मिळण्याचे बंधन तात्पुरत्या अपंगत्वाला आहे, कायमच्या नाही. त्याची मासिक रक्कम सुरूच राहील आणि हप्त्यांची अट पूर्ण असेल तर आजारपणाचा लाभही मिळेल. 'तुम्हाला आधीच पेन्शन आहे, आता दुसरे काही नाही' असे कोणी सांगितले तर लगेच मान डोलावू नका.

हक्क हातचा जातो तो येथे

रक्कम कशी मिळते हे पाहिले. आता ती कशी जाते ते पाहा.

पहिला धोका हजेरीचा. कंत्राटदाराचा माणूस हॉस्पिटलात येतो, गोड बोलतो, 'काळजी करू नका, तुमची हजेरी लावतो, रजा टाकतो, पगार घरपोच येईल.' ऐकायला बरे वाटते. पण ज्या दिवशी पगारी रजा किंवा काम दाखवले आहे, त्या दिवशी अपंगत्वाचा लाभ मिळत नाही. आणि कागदावर माणूस कामावर हजर असेल तर त्याला अपघात झाला होता हे उद्या सिद्ध कोण करणार? पहिला महिना पगार येतो, दुसरा महिना अर्धा येतो, तिसऱ्या महिन्यात फोन उचलला जात नाही. तोपर्यंत अपघाताची नोंदच झालेली नसते. आयुष्यभर मिळणारी रक्कम दोन महिन्यांच्या पगारावर गेलेली असते.

दुसरा धोका दाखल्याचा. ईएसआयची रक्कम वैद्यकीय दाखल्यांवर चालते. पहिला दाखला, मधले दाखले आणि शेवटी 'कामास योग्य' असल्याचा दाखला. माणूस हॉस्पिटलात असताना दाखल्याची आठवण कुणाला राहत नाही. घरच्यांनी डॉक्टरांना विचारून ते वेळच्या वेळी घ्यावेत आणि शाखा कार्यालयात पोहोचवावेत. दुसऱ्या इस्पितळात दाखल केले असेल तर भरती आणि सुटीचे कागद जपून ठेवावेत. आणि दुखापत पूर्ण भरली नसताना 'फिट'चा दाखला घेण्याची घाई करू नये. त्या तारखेला ९० टक्के थांबतात.

तिसरा धोका आपल्या मायेचा. 'इथे कोण पाहणार? नागपूरला माझ्या भावाकडे नेते, तिथले डॉक्टर ओळखीचे आहेत,' असे म्हणून रुग्णाला गाडीत बसवले जाते. लाभ घेणाऱ्याने उपचाराखाली राहावे, बरे होण्यात अडथळा येईल असे काही करू नये, तपासणीला नकार देऊ नये आणि परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र सोडू नये, अशा अटी या योजनेत आहेत. नागपूरला नेण्यास हरकत नाही. पण आधी डॉक्टरांना सांगून परवानगी घ्यावी. नाहीतर मायेपोटी केलेला प्रवास महाग पडतो.

ईएसआय नसेल तर: 'दवाखान्याचा खर्च दिला' हे उत्तर चालत नाही

विमा लागू नसलेल्या कामगाराची भरपाई मालकाने द्यायची असते. कामगार कंत्राटदाराचा असला तरी काम मुख्य कारखान्याच्या धंद्याचा भाग असेल, तर जबाबदारी मुख्य मालकापर्यंत पोहोचते. मुख्य मालक ती रक्कम नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. तो त्या दोघांचा प्रश्न.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत मिळतो. कायमच्या अपंगत्वात एकरकमी भरपाई असते. तिचा हिशेब असा: मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि त्यातून अपंगत्वाची टक्केवारी काढायची. हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. चाळीस वर्षांच्या माणसासाठी गुणक १८४.१७ आहे. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला गुणून आले १६,५७,५३० रुपये. अंगठा गेला असेल तर त्याचे ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९ रुपये.

आता तो नेहमीचा वाद. मालक म्हणतो, 'मी हॉस्पिटलचे दोन लाख भरले, ते यातून वजा करा.' कायद्याने याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. अपंगत्वाच्या काळात भरपाई म्हणून आधी जी रक्कम दिली, ती पुढच्या भरपाईतून वजा होते. पण वैद्यकीय उपचारांसाठी दिलेला पैसा भरपाई मानला जात नाही. तो वजा करता येत नाही. त्यापुढे जाऊन २००९ च्या दुरुस्तीने कामावरच्या दुखापतीच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च कामगाराला परत देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ती जानेवारी २०१० पासून लागू झाली. म्हणून औषधाच्या दुकानाची लहानसहान पावतीही फेकू नका.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. मालकाने काही पैसे दिले आणि पावतीवर सही मागितली, तर ती रक्कम कशासाठी दिली आहे ते वाचून मगच सही करा. 'औषधोपचारासाठी' आणि 'नुकसानभरपाईपोटी' या दोन शब्दांत लाखभर रुपयांचा फरक पडू शकतो. कोऱ्या कागदावर तर सही किंवा अंगठा देऊच नये.

भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद १९२३ च्या कायद्यात केली गेली होती. दाव्यासाठी त्यात दोन वर्षांची मुदत होती. पण मुदतीच्या भरवशावर राहू नये. साक्षीदार कामगार दुसऱ्या साइटवर जातात, गेटपास हरवतात, कंत्राट संपते. दावा लवकर केलेला बरा.

परदेशात काय होते?

ब्रिटनमध्ये अपंग व्यक्तीला रोजच्या मदतीसाठी सरकारी भत्ता मिळतो. प्रौढ व्यक्ती सरकारी आरोग्यसेवेच्या इस्पितळात २८ दिवसांहून जास्त राहिली तर तो भत्ता थांबतो. तिथे देखभाल सरकार करते, मग पुन्हा भत्ता कशाला, असा त्यामागचा विचार. मुलांसाठी ही मर्यादा ८४ दिवसांची होती. एका आजारी मुलाच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. मूल इस्पितळात असले तरी आई-वडिलांची सेवा आणि खर्च थांबत नाही, हा त्यांचा मुद्दा २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आणि २०१६ पासून मुलांपुरता तो नियम गेला.

आपल्याकडच्या कुठल्याही आईला हे सांगायला न्यायालयाची गरज नाही. रुग्ण खाटेवर असला की घरचा खर्च कमी होत नाही, वाढतो. रिक्षा, डबा, रात्रीची सोबत, बुडालेली रोजी. आपल्या कायद्यात अपघाती अपंगत्वाच्या रकमेला इस्पितळातल्या दिवसांची कात्री नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

सरकारी अपंग पेन्शनचे काय?

इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग पेन्शन योजना २००९ मध्ये सुरू झाली. ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील प्रौढांसाठी ती आहे. केंद्राचा वाटा महिना अवघा ३०० रुपये ठेवला गेला. राज्ये त्यात आपली भर घालतात. दवाखान्यात राहिल्याने ही पेन्शन कापली जात नाही. अडते ते पडताळणीपाशी. पडताळणीच्या वेळी लाभार्थी हॉस्पिटलात असेल आणि कोणी कळवले नाही, तर नाव यादीतून गळू शकते. म्हणून भरतीचा कागद दाखवून संबंधित कार्यालयात लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

आणखी एक गोष्ट. अपंग प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाची टक्केवारी एकच नव्हे. पहिली शरीराच्या अपंगत्वाची, २०१६ च्या कायद्याप्रमाणे. तिथे सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्क्यांची अट असते. दुसरी कमाईची क्षमता किती घटली याची. एकीवरून दुसरी मागता येत नाही. दोन्हींसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

घरच्यांनी काय करावे?

* हॉस्पिटलात भरती करताना 'कामावर असताना अपघात' असे केसपेपरवर लिहून घ्या. 'घरी पडले' असे लिहिण्याचा आग्रह कोणी धरला तर ठाम नकार द्या.
* अपघाताची तारीख, वेळ, जागा, यंत्र आणि सोबतच्या दोन कामगारांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.
* कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते विचारा. झाली नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.
* पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, ईएसआयचा विमा क्रमांक, बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवा.
* वैद्यकीय मंडळाचा निर्णय कमी वाटला तर अपील करता येते. ते ठरावीक मुदतीतच करावे लागते, म्हणून निर्णय हाती येताच चौकशी करा.
* दुर्दैवाने काही आठवड्यांच्या उपचारांनंतर माणूस दगावला, तर शवविच्छेदन टाळू नका. मृत्यू त्याच दुखापतीमुळे झाला हे सिद्ध झाल्यावरच पत्नी आणि मुलांना आश्रितांचा लाभ मिळतो.

दुखापतीमुळे नोकरीच सुटली तरी ईएसआयचा दवाखाना लगेच परका होत नाही. कायमच्या अपंगत्वामुळे काम सोडावे लागलेल्या विमाधारकाला वर्षाला १२० रुपये भरून, निवृत्तीचे वय होईपर्यंत, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवण्याची सोय योजनेच्या नियमांत आहे. रक्कम इतकी लहान की तिच्याकडे लक्ष जात नाही. पण ज्या घरात दरमहा औषधे लागतात, तिथे तिचे मोल मोठे आहे.

अशा दिवसांत घरातली बाई डबा, मुले आणि वॉर्ड यांच्यात विभागलेली असते. तिच्याकडून कायद्याचा अभ्यास होणार नाही. पण शेजारी, युनियनचा कार्यकर्ता, मंडळातले एखादे निवृत्त काका यांच्यापैकी कोणी एकाने कागदांची पिशवी आपल्या हाती घेतली, तरी बरेच साधते. रुग्णाला भेटायला जाताना फळे जरूर न्या. पण 'दाखला घेतला का? नोंद झाली का?' हे दोन प्रश्नही विचारून या.